खोली निघाली आहे, घ्यावी का?

गिरणगावात ‘खोली विकायला काढली’ असं सहसा कुणी म्हणत नसे. ‘अमक्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर एक खोली निघते आहे,’ असं म्हणत. राहणारा माणूस गावी निघाला, म्हणून खोलीही निघाली. वर्तमानपत्रात जाहिरात नाही, दलालाची पाटी नाही. रात्रपाळीहून परतताना कुणीतरी कानावर घाली आणि मग गॅलरीच्या कठड्याला रेलून, पानाच्या गादीवर, नाहीतर खानावळीत जेवता जेवता एकच प्रश्न चघळला जाई : घ्यावी का?

हा प्रश्न आजही आपण विचारतोच. भाग पडका आहे, गटारं तुंबलेली आहेत, इमारतीला टेकू लावलेत, पण जागा स्वस्तात मिळते आहे. पुढेमागे हा भाग वर येईल. घ्यावी का? हिशेब करणारे लोक या प्रश्नाचं उत्तर बाजारभावात शोधतात. मला ते इतिहासात शोधावंसं वाटतं. कारण लालबाग, परळ, शिवडी, भायखळा या भागात हा प्रश्न शंभर वर्षं विचारला गेला, उत्तरं देऊन झाली, आणि त्या उत्तरांचं पुढे काय झालं तेही आपल्या डोळ्यांसमोर आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. खोली निघाली आणि घेतली, म्हणजे नेमकं काय घेतलं? भिंती घेतल्या नाहीत, त्या मालकाच्या. खालची जमीन तर मुळीच नाही. घेतला तो तिथे राहण्याचा हक्क, आणि त्या हक्काचा कागद म्हणजे भाडेपावती. या व्यवहाराचं नाव पागडी. जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रोख रक्कम घेई, त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला देई आणि मालक पावतीवरचं नाव बदली. गंमत म्हणा की दुर्दैव, हा सगळा व्यवहार कायद्याने गुन्हा होता. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यात अशी वरकड रक्कम घ्यायला साफ बंदी होती. ती सरकारने मान्य केली १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, तो लागू झाला ३१ मार्च २००० रोजी. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं मुंबईतल्या हजारो कष्टकऱ्यांनी आयुष्याची कमाई ज्या सौद्यात घातली, त्या सौद्याची पावती कुणाकडेच नव्हती. दोन माणसांचा शब्द आणि मध्ये बसलेला एखादा मुकादम, एवढाच त्याला आधार.

या चाळी आल्या कुठून? पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५६ साली सुरू झाली आणि पुढच्या चार-पाच दशकांत कोकणातून, घाटावरून, आझमगढ-मऊकडून माणसांचे लोंढे आले. त्यांना राहायला जागा हवी होती, ती खाजगी मालकांनी बांधून दिली. कशी बांधली ते १८९६ च्या प्लेगने दाखवून दिलं. १८९८ मध्ये सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला, जुन्या वस्त्या पाडून त्याने नव्या चाळी उभारल्या. मग १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग इथे २०७ इमारती बांधल्या. त्याच बी.डी.डी. चाळी. तळमजला अधिक तीन मजले, काँक्रीटच्या भिंती, सुमारे १६० चौरस फुटांची खोली, संडास सामाईक.

आणि इथे इतिहास आपल्याला पहिला चिमटा काढतो. या चाळी तयार झाल्या तेव्हा कामगार त्यात राहायला यायला तयार नव्हते! भाडं जास्त, काँक्रीटच्या उष्ण कोंदट खोल्या, वरळी तर गिरण्यांपासून आडबाजूला. कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या काही चाळींचा तुरुंग म्हणून वापर केला. ज्या खोल्या फुकटसुद्धा नको होत्या, त्याच खोल्यांच्या पावतीवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १९२५ साली ‘घ्यावी का?’ असं कुणी विचारलं असतं, तर शहाण्या माणसाने ‘नको’ म्हटलं असतं, आणि त्या दिवसाच्या हिशेबाने ते बरोबरच होतं.

गिरणगाव खऱ्या अर्थाने भरलं ते खाजगी चाळींत. एका खोलीत दहा-बारा-वीस गडी, पाळ्यांप्रमाणे झोपणारे. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या वळकटीच्या जागी रात्रपाळीवाल्याची वळकटी. साताऱ्या-रत्नागिरीच्या गावांनी मिळून खोल्या धरल्या, ती गावकीची खोली. कोकणी मुसलमानांच्या गावजमातींनीही तशाच खोल्या केल्या, बोटीवर जाणाऱ्या खलाशांना उतरायला. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे धोबीतलावकडचे ‘कूड’ म्हणजे हाच प्रकार. मदनपुऱ्यातला मोमीन विणकर आणि लालबागचा मराठा साचेवाला एकाच साचेखात्यात उभे राहत. याच वस्त्यांतून शाहीर अमर शेखांचा आवाज घुमला आणि नारायण सुर्व्यांची कविता याच वस्त्यांतून आली. एवढी दाटी असूनही, की दाटी होती म्हणूनच, भाषेला इथे धार आली.

आता १९४७ च्या कायद्याकडे पुन्हा येऊ, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत माणसं वाढली, सिमेंट-लोखंड मिळेना, मालक मनाला येईल ते भाडं मागू लागले. म्हणून कायद्याने भाडी १९४० च्या सप्टेंबरमधल्या दरावर बांधून ठेवली आणि भाडेकरूला घराबाहेर काढणं अवघड केलं. त्या घडीला हे फार गरजेचं होतं. ते झालं नसतं तर फाळणीनंतरच्या मुंबईत निम्मे कामगार पदपथावर आले असते. माझा आक्षेप कायद्याला नाही, तो कुलूप लावून विसरून जाण्याला आहे. युद्ध संपलं, डाळ-तांदूळ, कापड, पगार सगळं वाढलं, भाडं मात्र तिथंच राहिलं. पावतीवर दोन आकडी रक्कम आणि दुरुस्तीचा खर्च हजारांत. मालकाने हात काढून घेतला. भाडेकरूने म्हटलं, भिंत मालकाची, मी का गिलावा करू? पाऊस दोघांचंही ऐकत नव्हता.

इमारती पडू लागल्या तेव्हा सरकारने १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा केला. भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा आणि त्यातून सरकारने दुरुस्ती करायची. अशा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२ आणि त्यातल्या साडेसोळा हजारांवर १९४० च्या आधीच्या. एवढ्या इमारतींना उपकराचा पैसा पुरणार कसा? मंडळाच्या दुरुस्तीची सर्वांत ठळक खूण म्हणजे लाकडी टेकू. तात्पुरता म्हणून लावलेला टेकू पोरं मोठी होऊन त्यांची लग्नं होईपर्यंत तिथेच असे. आम्ही ज्याला ‘पडका भाग’ म्हणतो तो आभाळातून पडत नाही. कुणी भाडं गोठवतं, कुणी दुरुस्ती थांबवतं, कुणी कर्ज नाकारतं, आणि वीस-तीस वर्षांनी लोक म्हणतात, इथली वस्तीच तशी.

कर्जाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एच.डी.एफ.सी. सुरू केली आणि मध्यमवर्गाला हप्त्याने घर घेण्याची वाट खुली झाली. पण तारण लागे मालकी हक्काचं. पागडीच्या खोलीत मालकी हक्क कुठला? तिथे कुणी गृहकर्ज देईना. म्हणजे नोकरदार माणूस उपनगरातला फ्लॅट वीस वर्षांच्या हप्त्यांवर घेई आणि साचेवाला दहा बाय बाराच्या खोलीची किंमत एका दिवसात रोख मोजे. कुठून आणे? बायकोचे दागिने, गावची जमीन गहाण, भिशी, पठाणाचं व्याज, नाहीतर फंड आणि ग्रॅच्युइटी. कवीला हिशेब कळत नाही असं म्हणतात. पण गरिबाला रोख आणि सुखवस्तूला उधार, ही उलटी गणितं कळायला हिशेबनीस असावं लागत नाही.

मग आला १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. भोंगे बंद झाले तसा गिरणगावाचा दिनक्रमच हरवला. खानावळी ओस पडल्या, उधारीच्या वह्या फुगल्या. याच काळात खोल्या भराभर ‘निघू’ लागल्या. गावी परत जाणारा कामगार खोलीचं येईल ते घेऊन कर्ज फेडू पाहत होता. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात या काळातलं एक घर आपण पाहिलं आहे. पंख्याखाली बसलेल्या त्या माणसांच्या मागे जी खोली आहे, तिचाच हा बाजार.

त्या वेळी घेणाऱ्याने काय विचार केला असेल? जाणते लोक सांगत होते, घेऊ नकोस. गिरण्या बंद म्हणजे भाग मेला. पोरं नाक्यावर उभी राहताहेत, काही पोरं वाईट संगतीला लागली आहेत. इमारत साठ-सत्तर वर्षांची, मालक दुरुस्ती करणार नाही. एवढ्या पैशांत डोंबिवलीला नाहीतर विरारला स्वतःच्या मालकीचा ब्लॉक येईल. हे सगळं खरं होतं. घ्यायच्या बाजूने एवढंच होतं, की लोकल जवळ आहे, मुलांच्या शाळा आहेत, केईएम इस्पितळ चालत जाण्याएवढं आहे आणि खाली ओळखीची माणसं आहेत. ज्यांनी घेतली त्यांनी या शेवटच्या कारणांसाठी घेतली. भाग वर येईल म्हणून घेतली, असं मला एकानेही सांगितलेलं नाही.

आणि भाग वर आला. कसा आला तेही पाहू. मुंबईतल्या ५८ गिरण्यांच्या ताब्यात सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने ठरवलं, की गिरणीच्या जमिनीचे ढोबळ मानाने तीन वाटे व्हावेत : एक महापालिकेला मैदान-बगिच्यांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. वाटे करायचे ते फक्त मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीचे. शेड्स जिथे उभ्या आहेत ती जमीन वाटणीतून वगळली. आता गिरणी म्हटली की शेड्स आल्याच, मोकळी जमीन असणार ती किती? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा अर्थ नाकारला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची दुरुस्ती कायम ठेवली. त्याआधी २००५ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी मिळून सुमारे दोन हजार कोटींना विकल्या होत्या. त्यातली मुंबई टेक्स्टाइल मिल एकटी ७०२ कोटींना गेली. जिथे धोट्याची खटखट होती तिथे काचेचे मनोरे आले. कामगारांच्या घरांची मोठी सोडत निघाली ती २०१२ मध्ये, ६,९२५ घरांची. अर्ज लाखाच्या वर होते.

म्हणजे ‘हा भाग वर येईल का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं होतं, आणि तरी ते उत्तर ऐकून कुणाचं पोट भरत नव्हतं. कारण वर आली ती जमीन. खोली तिथेच होती, टेकूवर. तिच्या चारी बाजूंना मोठाल्या गाड्या उभ्या राहू लागल्या, कोपऱ्यावरचा वाणी गेला, पाव किलो भाजी देणारा गेला, एवढाच फरक.

या हिशेबात आणखी एक वजन पडलं, त्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत नऊशे माणसं मेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. त्यानंतर खोली घेताना वस्ती पडकी की चढती हा प्रश्न मागे पडला. शेजारी कोण, हा पुढे आला. मिश्र चाळींतली मुसलमान कुटुंबं मिळेल त्या पागडीला खोल्या देऊन मुंब्रा, मीरा रोडकडे गेली. डोंगरी-नळबाजाराच्या बाजूची काही हिंदू कुटुंबंही अशीच निघाली. माझ्यासारख्या नावाच्या माणसाला घर पाहताना आजही दराआधी नाव विचारतात. कविता मराठीत लिहितो हे सांगितलं की समोरचा खूश होतो, पण किल्ली दाखवत नाही. ज्याला शहरातल्या चार वस्त्यांतूनच निवड करायची आहे, त्याला दर पाडून मागता येत नाही आणि बांधकामाचे कागदही कसून मागता येत नाहीत. मुंब्र्याच्या परिसरात बेकायदा इमारती का उभ्या राहिल्या याचं अर्धं उत्तर इथे आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळची एक अनधिकृत इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसं गेली. ज्या चाळी सोडून लोक आले होते त्यांना निदान टेकू होते.

मग ज्याने गिरणगावातली खोली धरून ठेवली तो तरी जिंकला का? काही जिंकले. १९९१ च्या नियमांनी जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला चटई क्षेत्राचं आमिष दाखवलं. बिल्डरने भाडेकरूला किमान २२५ चौरस फुटांचं घर मोफत द्यायचं (पुढे ते ३०० झालं) आणि वरचे मजले बाजारभावाने विकायचे. इथे पहिल्यांदा पागडीवाला मालकीच्या घरात गेला. पण त्यासाठी मालक, बहुसंख्य भाडेकरू आणि बिल्डर या तिघांचं जुळावं लागे, आणि जमीन जितकी महाग तितकं ते जुळणं अवघड. कितीतरी चाळी रिकाम्या झाल्या, माणसं संक्रमण शिबिरांत गेली आणि नवी इमारत उठलीच नाही. ‘संक्रमण’ या शब्दाचा अर्थ तिथे जन्मलेल्या पोरांना विचारावा.

याला एक वेगळी वाट होती. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात दुरुस्ती झाली : इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली तर सरकारने इमारत ताब्यात घ्यावी, मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट रक्कम द्यावी आणि घर रहिवाशांचं करावं. विचार करा, गोठलेल्या भाड्याच्या शंभर पट! मालक अर्थातच कोर्टात गेले. १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयात हा वाद राहिला आणि नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाचा निकाल आला ५ नोव्हेंबर २०२४ रोजी. बहुमताने म्हटलं, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही. घटनेच्या अर्थाचा हा मोठा निकाल आहे, वकील मंडळी त्यावर पुस्तकं लिहितील. मला दिसते ती तारखांमधली बत्तीस वर्षं. खटल्याच्या मुळाशी होत्या त्या याच पडक्या इमारती, आणि इमारतींना तारखा पडत नाहीत. त्या स्वतःच पडतात.

भेंडीबाजारात २००९ पासून साडेसोळा एकरांवरच्या सुमारे अडीचशे इमारतींचा एकत्र पुनर्विकास हाती घेतला गेला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या पुढाकाराने ट्रस्ट स्थापन झाला, पैसा होता, नकाशे होते, बहुतेक कुटुंबं तात्पुरत्या घरांत हलवली होती. त्याच योजनेतली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी कोसळली. ती रिकामी झालेली नव्हती. ३३ माणसं मेली. मागे राहिलेल्यांना हट्टी म्हणणं सोपं आहे. पण एकदा पावतीची जागा सोडली की परत मिळेल याचा भरवसा या शहराने कितीजणांना दिला आहे?

म्हणून आज कुणी मला विचारलं, की जुन्या भागात जागा निघते आहे, घ्यावी का, तर मी भाव विचारत नाही. जमीन कुणाच्या नावावर आहे, ते विचारतो. पावती कुणाच्या नावाची, ती मागतो. टेकू कधी लावला आणि कुणी, तेही. पाण्याला किती वाजता उठावं लागतं हे शेजारणीला विचारा. ती खोटं बोलणार नाही. नवी इमारत होणार असेल तर लिफ्ट, पंप, पहारेकरी यांचा महिन्याचा खर्च कोण भरणार ते विचारा. दोन आकडी भाडं भरलेल्या म्हाताऱ्याला हजारांतलं बिल येतं, तेव्हा तो मोफत मिळालेलं घर विकून पुन्हा कर्जत-कसाऱ्याची वाट धरतो. असं झालेलं मी ऐकलं नाही, पाहिलं आहे.

आणि त्या गावकीच्या खोल्या? त्या अजून आहेत. भाडेपावतीवर एकाचंच नाव, बहुधा साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कुणा मुकादमाचं, आणि हक्क सांगणारी शंभर घरं गावाकडे. चाळ पाडून मनोरा झाला की मंडळाच्या वाट्याला एकच घर येतं, तीनशे फुटांचं. यात्रेच्या बैठकीत दरवर्षी विषय निघतो. तरुण म्हणतात, विकून टाका, आलेल्या पैशांत गावात सभागृह बांधू. म्हातारे ऐकत नाहीत. टाटाला नाहीतर केईएमला दाखवायला गावचा माणूस आला, तर रात्री त्याने पथारी कुठे टाकायची, असं ते विचारतात. त्यावर बैठक तशीच उठते, पुढच्या यात्रेपर्यंत.